टॅपेट वाजत नाही म्हणजे व्हॉल्व ठीक, असं नसतं

प्रश्न : नमस्कार दादा, मी पाथर्डी फाट्याला राहते, रोज सिन्नरला शाळेवर जाते. गाडी तीन सिलिंडरची छोटी आहे, सीएनजी किट नंतर बसवलंय, ८२ हजार किमी झालेत. दोन महिने झाले, सिग्नलला उभी राहिली की थरथरते, आणि मोहदरी घाट जो तिसऱ्या गिअरवर आरामात चढायची तो आता दुसऱ्यावर कसाबसा चढते. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग एक कॉइल (प्लगला करंट देणारी), मग इंजेक्टर साफ केले, साडेसहा हजार गेले आणि फरक काहीच नाही. स्कॅनरवर दर वेळी पी०३०२ येतं. टॅपेट (सिलिंडरची झडप म्हणजे व्हॉल्व उघडणारा भाग) बघा म्हटलं तर म्हणाला, टिकटिक येत नाहीये म्हणजे टॅपेट ओके. आता म्हणतोय पूर्ण इंजिन काम करावं लागेल. करू का?

उत्तर : ताई, थांबा, अजून इंजिन उघडू देऊ नका. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय, म्हणजे नीट पेटत नाही, एवढंच, का होतोय ते स्कॅनर सांगत नाही. सिलिंडर पेटायला स्पार्क लागतो, इंधन लागतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, लागतं, तुमचे पैसे पहिल्या दोघांवर गेले आणि तिसरं कुणी मोजलंच नाही.

आधी फुकटातलं करा. गाडी पेट्रोलवर टाकून आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, बघा. पेट्रोलवर गुळगुळीत आणि गॅसवरच थरथरत असेल तर दोष किटच्या बाजूला नाहीतर स्पार्कमध्ये, कारण गॅस पेटवायला स्पार्क जास्त तगडा लागतो. दोन्हीवर सारखीच थरथरत असेल तर दोन नंबरची कॉइल आणि प्लग एक नंबरला लावायला सांगा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल किंवा प्लग, आणि दोनवरच राहिला तर कॉम्प्रेशन मोजायचं. तिन्ही प्लग काढून, एकेका भोकात प्रेशर गेज लावून, इंधन बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. समजा एक आणि तीनला १७० पीएसआय (दाबाचं माप) आले आणि दोनला ११०, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणि तिथेच राहिला तर बहुतेक व्हॉल्व, क्वचित हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील. हे तासाभराचं काम आहे आणि हे न करता इंजिन काम सांगणाऱ्याकडे मी तरी गाडी ठेवणार नाही.

आता त्या टिकटिकीचं. टॅपेट आणि व्हॉल्वच्या मधे बारीक फट असते, तिला गॅप म्हणतात. गॅप वाढला की टॅपेट वाजतो, पण गॅप कमी झाला की वाजत नाही, एकदम गप्प होतो, आणि धोका खरा तिथेच आहे. गॅस कोरडा असतो, त्यावर व्हॉल्व जिथे टेकतो ती सीट हळूहळू घासते, व्हॉल्व वर सरकतो आणि गॅप संपतो. मग व्हॉल्व पूर्ण बंदच होत नाही. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्वची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते, तो टेकलाच नाही की जळतो. मागच्या थंडीत माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, रात्रभर थंड केलेलं इंजिन सकाळी उघडलं तर ०.०५ मिमीची, म्हणजे माझ्याकडची गॅप मोजायची सगळ्यात पातळ फीलर पट्टी सुद्धा आत जाईना. हेड उतरवलं तर व्हॉल्वची कड एका जागी पापड करपावा तशी करपून तिथला तुकडाच गेलेला.

आयडलला थरथर आणि रेस दिली की बरं वाटतं, हे पण व्हॉल्व गळण्याचं लक्षण असू शकतं, कारण स्पीड वाढला की गळायला वेळ मिळत नाही. खात्रीच करायची असेल तर कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून सोडून ऐका, मात्र दोन्ही व्हॉल्व बंद असताना. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

लवकर सापडलं तर नुसतं टॅपेट सेटिंग करून भागतं, गॅप किती ठेवायचा ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नाही. जळालाच असेल तर हेड उतरवून तो व्हॉल्व आणि सीटचं काम, गॅस्केट नवीनच टाकायचं, पण खालच्या पिस्टनला हात लावायची गरज नसते. म्हणून म्हणतो, कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्या आणि मला कळवा.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा चढावर ब्लिंक होतो, सपाटीवर नुसता लागलेला राहतो. ओझरहून इगतपुरीपर्यंत अशीच चालवली तर चालेल का?

उत्तर : नाही. ब्लिंक होतो म्हणजे त्या क्षणी जोरात मिसफायर चालू आहे आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, आतली जाळी वितळून बसली की कॉइलच्या कितीतरी पट खर्च येतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हळू चालवत जवळच्या गॅरेजला न्या, तरी ब्लिंक थांबत नसेल तर बाजूला घेऊन टो करा.