विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिही

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. रील टाकून कंटाळलीस, लाइक येतात आणि आंब्याच्या पेट्या तशाच राहतात, तेव्हा हे बंद करून तेच पैसे जाहिरातीत घालू का, असं विचारतेस. देवगडात बाग सांभाळायची, फवारणी बघायची आणि वर रात्री मोबाइल घेऊन बसायचं, याचा शीण मला कळतो. पण तुझ्या रील मी पाहिल्या. समुद्र, वरून दिसणारी बाग, टोपलीतले आंबे, मागे गाणं. पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. मग त्याने पेटी कशाच्या भरवशावर घ्यायची?

तो काय विचारतो ते तुझ्याच फोनमध्ये पडलंय. कार्बाइड घालून पिकवलेला नाही कशावरून? हिरवा आलाय, फ्रीजमध्ये ठेवू का? खरंच देवगडचा आहे की कर्नाटकचा? गेल्या वर्षी दोन फळं आतून खराब निघाली, ती का? दर हंगामात तू तीच उत्तरं फोनवर देतेस आणि ती त्या एका माणसापाशी संपतात. ती लिही. व्हिडिओ करायचा तर त्या उत्तराचाच कर. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, एवढंच.

हे नवं खूळ आहे असं समजू नकोस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला होता, पण मनातली शंका फिटल्याशिवाय कोण हात लावणार? पुढे 1920 साली किर्लोस्करवाडीहून त्यांचे पुतणे शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्र वाढत वाढत मराठी घरांत वाचलं जाणारं मासिक झालं. माळरानावरच्या एका कारखान्याने लोकांशी बोलायला स्वतःची जागा उभी केली होती. तुझ्या हातात तर ती फुकट आहे.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर उत्तम हापूस वाशीच्या घाऊक बाजारात पाठवला. आडत, हमाली, तोलाई कापून हिशेबाची पट्टी यायची; तीत आकडे असायचे, खाणाऱ्याचं नाव नसायचं. आंबा कोणी खाल्ला, त्याला आवडला की नाही, हे त्यांना कधी कळलं नाही, आणि खाणाऱ्यालाही ते कधी कळले नाहीत. ते गेले तेव्हा त्यांच्या आंब्याला ओळखणारं एक घरही मला माहीत नव्हतं. ही बोच अजून आहे. म्हणूनच बाग माझ्याकडे आल्यावर मी हट्टाने प्रत्येक पेटीत एक कागद घालायला लागलो.

त्या कागदावर सगळ्यात आधी मी साक्याबद्दल लिहिलं, म्हणजे वरून चांगलं दिसणारं फळ आतून खराब निघतं त्याबद्दल. घरात भांडण झालं, शेजारचे बागायतदार म्हणाले हा धंदा बुडवणार. पण साका बाहेरून दिसत नाही, हापूसमध्ये तो होतो, आणि उन्हाचा, तापलेल्या जमिनीचा त्यात हात आहे, हे आपल्याला ठाऊक असताना गिऱ्हाइकाने अंधारात का राहावं? आम्ही चौदा आणे तयार, म्हणजे जवळपास पूर्ण वाढलेलं पण न पिकलेलं फळ देठासकट उतरवतो, उतरवलेलं उन्हात ठेवत नाही, त्याने साका कमी होतो, पण शून्य होत नाही; निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ. असं लिहिलं. ज्यांच्याकडे साका निघाला त्यांनीच पुढच्या वर्षी आधी फोन केले. मला आजही कोणी शहाणपण शिकवायला आलं तर मी हेच सांगतो: मी बरोबर होतो.

तेव्हा अडचणीचा प्रश्नही टाळू नकोस. कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायचं औषध, घालता का, असं कोणी विचारलं की तू विषय बदलतेस, हे मी ऐकलंय. घालत असशील तर का आणि कधी घालतेस ते लिही. कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवायला नियमात परवानगी आहे, आणि तू पेंढ्यात अढी घालतेस म्हणून तुझ्या आंब्याला दिवस जास्त लागतात, हे सरळ लिही. हिरवं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर धड पिकत नाही, हे पेटी पोचायच्या आधी सांग. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते पाच जिल्ह्यांना मिळून आहे. तुझी बाग कुठली आणि कशी, हे तूच सांगायला हवं.

जाहिरातीला माझा विरोध नाही. पण एप्रिलमध्ये तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा ओतणारे समोर असतात, आणि तुझे पैसे संपले की जाहिरात संपली. साक्यावर नीट लिहिलेलं उत्तर मात्र पुढच्या गुढीपाडव्यालाही कामाला येतं. नवा माणूस तेच विचारतो, तू तेच पाठवतेस. आणि जाहिरात बघून आलेल्या माणसालाही पेटी घेण्याआधी हेच प्रश्न पडतात. मग उत्तरं आधी तयार नकोत का?

वेळ नाही, असं मला सांगू नकोस. फोनवर बोलतेस तेवढ्याच वेळात लिहून होतं. मला लिहिता येत नाही, हेही नको. परवा त्या मुंबईच्या बाईंना तू मोहोरावरचे तुडतुडे समजावून सांगत होतीस, तसंच लिही, देवगडच्या बोलीत लिहिलंस तरी चालेल. समुद्राचं चित्र त्यात नसलं तरी कुणाचं अडणार नाही.

आता मोहोर आलाय, पेट्या भरायला अजून अवकाश आहे. फोनमधले गेल्या हंगामाचे मेसेज काढ, जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय तो निवड आणि त्याचं उत्तर रविवारपर्यंत मला पाठव. खोटं किंवा अर्धवट काही आढळलं तर परत पाठवीन. भाषेला हात लावणार नाही.

तुझा,
काका