एमआरआयमध्ये व्हेंट्रिकल्स मोठी दिसली, तर तो एनपीएच समजावा की निव्वळ वय?

आपल्या ७४ वर्षांच्या आईच्या एमआरआय अहवालात व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या, मोठ्या झाल्याचे लिहिले आहे आणि त्यापुढे ‘वयोमानानुसार’ असा शेरा आहे. हा नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस (एनपीएच), म्हणजे दाब फारसा न वाढता या पोकळ्यांत द्रव साचण्याचा आजार, असू शकतो का आणि केवळ एमआरआयवरून ते ठरते का, असे आपण विचारले आहे. असू शकतो, आणि केवळ एमआरआयवरून ते ठरत नाही. उत्तर एवढ्यावर संपवता आले असते, परंतु ‘वयोमानानुसार’ या एका शब्दाने आमच्या घरातली दोन वर्षे खाल्ली आहेत, म्हणून पुढचे लिहितो.

माझ्या वडिलांचे सर्वांत आधी चालणे बिघडले. विस्मरण नंतर आले आणि लघवीचा प्रश्न त्याहूनही नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अल्झायमरमध्ये सहसा आधी स्मरणशक्ती जाते आणि पाय बराच काळ शाबूत राहतात. वडील दाराशी येऊन थांबत. पाऊल उचलायचे आहे हे त्यांना पुरते कळत असे, पण तळवे जणू फरशीला चिकटून बसलेले असत. दोन पायांतले अंतर वाढले होते, पावले आखूड झाली होती, आणि पलंगाशी पाठ फिरवायची तर ते जागच्या जागी बारीक बारीक पावले टाकत वळत. मी एकदा ती मोजली: अर्ध्या वळणाला नऊ पावले. हात मात्र चालताना नीट हलत होते, चेहरा बोलका होता, बोटांना कंप नव्हता. तरीही पहिले निदान पार्किन्सनचे झाले, लेव्होडोपाच्या गोळ्या सात महिने चालल्या आणि त्यांनी काडीचाही फरक पडला नाही.

माझा थोरला भाऊ या काळात प्रत्येक लक्षणाला एकच उत्तर देत असे: “वय झाले आता, दुसरे काय?” लघवीची घाई होऊ लागली तेव्हा त्याने ती प्रोस्टेटच्या खात्यावर टाकली. लघवी थांबू देत नाही आणि पाय घाई करू देत नाहीत, अशा कात्रीत माणूस सापडला की कपडे ओले होणारच, हे त्याच्या गळी उतरवणे मला कधीच जमले नाही. विस्मरणाचेही तसेच. वडील नावे विसरत नव्हते. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागत होता. प्रश्न विचारून आपण दुसऱ्या कामाला लागलो की मागून उत्तर येई, आणि ते बरोबर असे. वर्तमानपत्र हातात धरून ते तासभर बसत, पण पान उलटत नसे. मंदावलेले विचार, गेलेला उत्साह आणि एकापुढे एक कामे लावण्यातली अडचण ही या आजाराची खूण आहे. तिला सरसकट ‘विसरभोळेपणा’ म्हणणे हा आळस आहे.

दोन वर्षांनी दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टांनी पहिल्याच स्कॅनच्या फिल्म उजेडावर धरल्या आणि अहवाल न वाचताच बाजूला ठेवला. सारे त्यातच होते. एव्हान्स इंडेक्स, म्हणजे व्हेंट्रिकल्सच्या पुढच्या शिंगांची कमाल रुंदी भागिले त्याच छेदातील कवटीची आतली कमाल रुंदी, ०.३ च्या वर गेला की व्हेंट्रिकल्स मोठी समजतात, वडिलांचा ०.३६ होता. पण हा आकडा पोकळी मोठी आहे एवढेच सांगतो. मेंदू आकसल्यामुळेही ती मोठी होते, आणि बहुतेक अहवाल नेमके इथेच थांबतात. आकसलेल्या मेंदूत वळ्यांमधल्या खाचा सगळीकडेच रुंदावतात. एनपीएचमध्ये मात्र बऱ्याचदा उलटे चित्र दिसते: कानशिलांच्या बाजूची सिल्व्हियन फिशर ही मोठी खाच रुंद, आणि माथ्याखालच्या भागातल्या खाचा दाटून जवळजवळ बुजलेल्या. या विषमतेला डॉक्टर ‘डेश’ म्हणतात. तिसरी गोष्ट कॅलोसल अँगल. मेंदूच्या समोरून घेतलेल्या उभ्या छेदात, ठरलेल्या पातळीवर, दोन्ही व्हेंट्रिकल्सच्या छतांमधला हा कोन मोजतात. तो ९० अंशांहून कमी असेल तर संशय बळावतो. वडिलांचा ६८ होता. तो आधी कोणी मोजला नाही याचा मला राग नाही, असे मी लोकांना सांगतो. ते खरे नाही. अर्थात, स्कॅनच्या मागणीपत्रावर ‘विस्मरण’ एवढेच लिहिले होते, चालण्याचा उल्लेख नव्हता, आणि त्या दिवशी डॉक्टरांना माहिती देणारा माझा भाऊ होता.

आपणही प्रश्नात आईच्या चालण्याविषयी एक शब्द लिहिलेला नाही. तिची चाल, विशेषतः वळणे, मोबाइलवर चित्रित करून न्यूरोलॉजिस्टांना दाखवावी आणि खाचांचे व कोनाचे काय, हे थेट विचारावे.

त्यानंतरची पायरी टॅप टेस्टची. कमरेतून सुई घालून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढतात आणि आधी व नंतर चाल मोजतात. द्रवाचा दाब नॉर्मल आला म्हणून कोणी आजार नाकारला तर त्यांना आजाराचे नाव पुन्हा वाचायला सांगावे. हकीम आणि अॅडम्स या डॉक्टरांनी १९६५ साली हा आजार मांडला तो याच वैशिष्ट्यासह. माझ्या वहीत नोंद आहे: दहा मीटरला द्रव काढण्याआधी २९ पावले आणि २४ सेकंद, दुसऱ्या दिवशी १९ पावले आणि १४ सेकंद. अर्धे वळण पाच पावलांत. वडील पलंगापर्यंत जाऊन वळले आणि मला म्हणाले, “काय बघतोस?”

पुढे शंट, म्हणजे मेंदूतला जादा द्रव शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी व्हॉल्व्ह असलेली नळी, बसवला. भावाचा विरोध शेवटपर्यंत होता, आणि इथे त्याचे थोडे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या महिन्यात वडिलांचे डोके दुखू लागले. द्रवाचा निचरा जास्त होऊन मेंदूच्या पृष्ठभागावर रक्ताचा पातळ थर जमला होता. व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने बदलता येणारा होता, म्हणून दाब वाढवून काम भागले, पण असा रक्तस्राव गंभीरही होऊ शकतो. चाल सुधारली, लघवी बरीच आटोक्यात आली, बुद्धीचा मंदपणा मात्र अर्धामुर्धाच गेला. अनेक रुग्णांत सोबत अल्झायमरही असतो आणि तो शंटने जात नाही. टॅप टेस्टने फरक पडला नाही म्हणून शंटचा उपयोग होणारच नाही, असेही नसते. आणि मी डॉक्टर नाही.

तरीही “शस्त्रक्रिया झाली या समाधानानेच माणूस चालू लागतो” हे भावाचे म्हणणे मी मान्य करणार नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सगळ्याच रुग्णांना शंट बसवून काहींचा व्हॉल्व्ह द्रव जवळजवळ वाहणारच नाही अशा दाबावर ठेवला होता, आणि तीन महिन्यांनी चालण्याचा वेग वाढलेला दिसला तो व्हॉल्व्ह उघडा असलेल्यांचा. हे त्याला दाखवल्यावर त्याने बाजू बदलली. आता तो म्हणतो की बाबा फिजिओथेरपीने बरे झाले. फिजिओथेरपी त्याआधी आठ महिने चालू होती. वहीतल्या दोन नोंदींमध्ये एका रात्रीचे अंतर आहे, आणि त्या रात्री बाबांकडून व्यायाम कोणी करून घेतला, हे त्याने मला अद्याप सांगितलेले नाही.