क्लबमॉस म्हणजे शेवाळच का? आणि दगडी कोळसा त्यापासून बनला हे खरं का?

क्लबमॉस ही एक छोटी हिरवी वनस्पती. नावात मॉस (पावसाळ्यात भिंतींवर वाढणारी मऊ, मखमली वनस्पती) असलं तरी ते मॉस नाही आणि शेवाळही नाही. क्लबमॉसला पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात, खरी मुळं असतात. मॉसला ती नसतात. क्लबमॉसला बी नाही, फूल नाही, सगळा कारभार बीजाणूंवर. (ही बीजाणूंची पिवळी पूड भपकन पेटते, पूर्वी नाटकात आगीचा लोळ दाखवायला ती वापरत.) हा वंश बाकीच्या नलिकावाल्या वनस्पतींपासून ४० कोटी वर्षांपूर्वीच वेगळा झाला.

कोळशाचं निम्मं खरं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी याच कुळातलं लेपिडोडेंड्रॉन नावाचं झाड दलदलीत ३० मीटरच्या वर वाढायचं. पानं गळाली की खोडावर शंकरपाळ्यांसारखे व्रण राहायचे, अगदी सापाच्या कातडीसारखे. युरोप-अमेरिकेचा बराचसा कोळसा त्याच जंगलांचा. आपल्या चंद्रपूरचा कोळसा मात्र त्यानंतरचा, मुख्यतः ग्लॉसोप्टेरिस नावाच्या बीजधारी झाडांचा. पाठ्यपुस्तकं दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

लेपिडोडेंड्रॉनच्या त्या राक्षसी झाडांचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक आयसोएटिस. पावसाळ्यात पाचगणीच्या टेबललँडवर उथळ पाण्यात उगवतो. दिसायला? कांद्याच्या पातीचा छोटा झुपका.