चाकाखालचं : 200 नंबरी टायर आणि गुळव्याचं बोट

प्रश्न : काका, माझ्याकडे 2019 ची माझदा मियाटा (एमएक्स-5) आहे. एप्रिल ते ऑक्टोबर ऑफिसलाही तीच नेतो. गेल्या वर्षी पार्किंग लॉटमध्ये नारिंगी कोन मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसचा नाद लागला. यंदा सहा-सात ऑटोक्रॉस आणि साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर दोन दिवस, असा बेत आहे. गाडीबरोबर आलेले टायर संपत आलेत. एक मित्र म्हणतो, डोळे मिटून योकोहामाचे ए052 घे. दुसरा म्हणतो, नऊ इंची रिम घालून 245 चे टायर बसव. तिसरा थेट हूझियरच्या रेसिंग टायरवर गेलाय. बायको म्हणते, एकच सेट घे, आणि तो गॅरेजमध्ये मावला पाहिजे. शिवाय जो तो '200' असं काहीतरी म्हणत असतो, ते नक्की काय?
— एक वाचक, नोव्हाय, मिशिगन

उत्तर : तुझ्या तीन मित्रांपेक्षा तुझ्या बायकोचं म्हणणं मला जास्त पटलं. पण आधी 200 चं बघू.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरच्या बगलेवर झीज, पकड आणि उष्णता यांच्या तीन श्रेणी छापलेल्या असतात. झिजेची परीक्षा टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपासच्या साध्या रस्त्यांवर होते. 400 मैलांचा एक फेरा, असे एकूण 7200 मैल गाड्यांचा ताफा चालवायचा आणि तुलनेसाठी ठरवलेल्या टायरशी झीज ताडून बघायची. पायाचा आकडा 100. 200 म्हणजे कागदोपत्री त्याच्या दुप्पट टिकणारा. पण बगलेवर कुठला आकडा छापायचा हे कंपनी स्वतः ठरवते. ऑटोक्रॉस भरवणाऱ्या एससीसीए या अमेरिकी क्लबने 'स्ट्रीट' (म्हणजे जवळपास मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या) वर्गासाठी किमान 200 ची अट घातली (पूर्वी ती 140 होती) आणि कंपन्यांनी तेवढ्यात बसतील असे खास टायर बनवले. म्हणून 200 चा शिक्का असलेला एक टायर हंगाम संपायच्या आत गोटा होतो आणि दुसरा दोन हंगाम निघतो. माझं आयुष्य ओहायोतल्या अॅक्रनला टायरच्या रबराची मिश्रणं (कंपाउंड) बनवण्यात गेलं. त्या आकड्यावर मी कधी टायर घेतला नाही.

मग कशावर घ्यायचा? उष्णतेवर. मी मूळचा कोल्हापूरकडचा, त्यामुळे मला हे गुऱ्हाळाच्या भाषेतच सांगता येतं. काहिलीत रस उकळत असतो तेव्हा गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटाने त्याची गोळी वळून बघतो. गोळी वळली नाही तर पाक अजून कच्चा, आणि कडक झाली तर गूळ हातचा गेला. मधली वेळ थोडी असते आणि ती साधण्यासाठीच गुळव्याला मान असतो. रबराचंही तसंच आहे. डांबराच्या खरखरीत कणांवर ते दबतं, सुटतं, आणि त्यात जी शक्ती वाया जाते तिच्यातूनच पकड मिळते. उष्णताही त्यातूनच येते. थंड असताना ते पुरेसं धरत नाही. फार तापलं की वरचा थर तेलकट होतो आणि गाडी लोण्यावरून चालल्यासारखी वाटते. दोन टायरांमधला खरा फरक एवढाच, की कुणाचा पाक किती लवकर येतो आणि किती वेळ टिकतो.

आता तुझे दोन खेळ बघ. ऑटोक्रॉसची धाव जेमतेम मिनिटभराची. पहिल्याच वळणाला पकड हवी, आणि टायर धड तापेपर्यंत धाव संपलेली असते. ए052 तिथे राजा आहे, कारण तो लगेच जागा होतो. एकाच गाडीवर दोघे आळीपाळीने धावले तर तो इतका तापतो, की लोक फवारणीचा पंप घेऊन त्याच्यावर पाणी मारत उभे असतात. ट्रॅकवर मात्र एक फेरी वीसेक मिनिटांची, बऱ्याच लॅपची असते. मऊ टायर पहिले तीन-चार लॅप मजा आणतो, मग विरघळायला लागतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या मियाटावर ऑटोक्रॉसचे मऊ टायर होते. 'दोन दिवसांनी काय होतंय' म्हणत तेच घालून जिंजरमनला गेलो. तिसऱ्या फेरीनंतर पिटमध्ये वाकून बघतो, तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर (नक्षी आणि बगल जिथे मिळतात त्या कडेवर) रबराच्या शेवया लोंबत होत्या. नखाने ओढली तर बोटभर लांब शेवई हातात आली. मधला पट्टा जवळजवळ नवा आणि खांद्याची नक्षी पुसलेली. चूक टायरची नव्हती. हवा सकाळी गार असताना भरली आणि दिवसभर एकदाही मोजली नाही, कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेरचा कल) कारखान्यातून आला तसाच होता.

म्हणून तुला माझा सल्ला असा. तू अजून कोन उडवण्याच्या वयात आहेस, आणि एक कोन उडवला की वेळेत दोन सेकंद वाढतात. ए052 तुला तेवढे परत मिळवून देणार नाही. यंदा 200 मधलाच पण उष्णता सोसणारा टायर घे : हँकूकचा आरएस4, काँटिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट फोर्स, या जातीचा जो तुझ्या गाडीच्या मूळ मापात मिळेल तो. ऑटोक्रॉसच्या पहिल्या धावेला तो जरा आळशी वाटेल, वाटू दे. थोडा वेग जास्त हवाच असेल तर ब्रिजस्टोनचा आरई-71आरएस मधल्या वाटेवरचा आहे, पण ट्रॅकवर तो लवकर झिजेल हे धरून चाल. एकच सेट, गॅरेजही मोकळं.

नऊ इंची रिम आणि 245 मियाटावर झकास चालतात. पण स्ट्रीट वर्गात रिमची रुंदी कारखान्याचीच लागते, फक्त व्यास एक इंच कमी-जास्त चालतो. रिम बदललीस की तू आपोआप वरच्या वर्गात, तिथल्या तयार गाड्यांच्या मध्ये. हूझियर ए7 वर तर 40 चा आकडा असतो, म्हणजे तो स्ट्रीट वर्गातून आधीच बाद. आणि त्यावर पावसात साउथ हेवनहून नोव्हायपर्यंत अडीच तास गाडी चालवत येणं मला तरी जमायचं नाही.

टायरपेक्षा हवेकडे जास्त लक्ष दे. दारावरच्या पट्टीवर 29 पीएसआय लिहिलंय, ते ऑफिसला जाण्यासाठी. ट्रॅकवर सकाळी 28 च्या आसपास सुरू कर. प्रत्येक फेरीनंतर गाडी थांबताच गरम हवा मोज आणि 33-34 च्या वर गेली की सोड. ऑटोक्रॉसला बगलेवर खडूने आडवी रेघ मार. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोणाची खूण असते. खडू तिच्या खालीपर्यंत पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा एक-दोनने वाढव. खडू तिच्या बराच वर शिल्लक राहिला तर थोडी कमी कर. ट्रॅकवरून निघण्याआधी हवा परत भरायला विसरू नकोस. 10 अंश फॅरनहाइटला साधारण 1 पीएसआय उतरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना टायर बसलेला दिसेल. पुढचा कॅम्बर मूळ बोल्टवर जेवढा उणे (चाकाची वरची बाजू आत) होईल तेवढा करून घे. नवा खांदा वाचवायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग.

आणि ऑक्टोबर संपायच्या आत हे टायर काढ. उन्हाळी मऊ रबर थंडीत चिक्कीसारखं होतं. उणे 7 सेल्सिअसच्या खाली गाडी नुसती हलवली तरी चीर पडू शकते. बायकोला विचारून तळघरात कोपरा मिळव.

प्रश्न : भाचा पहिल्यांदाच ऑटोक्रॉसला उतरतोय, साधी हॅचबॅक आहे. परदेशातून मऊ टायर मागवू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मागवू नका. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुतेक वेळा मातीवर होतो. वरच्या उत्तरातले टायर डांबरासाठीचे. त्यांची उथळ नक्षी दोन वळणांत मातीने भरते आणि मग ते नुसते घसरतात. भाच्याला आधी जागा बघून यायला सांगा. माती असेल तर खोल नक्षीचे, जाड बगलेचे रॅलीचे टायर इथेच मिळतात. नुसता अनुभव घ्यायला चालला असेल तर आहेत तेच टायर चालतील. फक्त बगलेवरचे शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2316 असेल तर तो 2016 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. मग नक्षी कितीही खोल दिसली तरी तो टायर उतरवा.