आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली की तो देशात आपोआप कायदा होतो का?

नाही, आपोआप होत नाही. तुम्ही विचारलंय की मग सरकारचं धोरण नक्की ठरतं कुठं, तर मी सोलापूरचा, आईने 30 वर्षं विड्या वळल्यात, त्यामुळे तंबाखूच्या करारावरूनच सांगतो, तो आमच्या घरातला विषय आहे.

करार करणं हे केंद्राचं काम, त्याला आधी संसदेची मंजुरी घ्यावी असं घटनेत नाही. पण लोकांवर बंधन घालायचं, दंड लावायचा तर कायदाच लागतो, आणि घटनेच्या कलम 253 प्रमाणे करार अंमलात आणायला संसद राज्यांच्या यादीतल्या विषयावरसुद्धा कायदा करू शकते.

आता तंबाखू. जागतिक आरोग्य संघटनेचा करार 21 मे 2003 ला मंजूर झाला, भारताने फेब्रुवारी 2004 मध्ये त्याला पक्की मान्यता दिली, पण आपला कोटपा कायदा, म्हणजे सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांवरचा कायदा, 18 मे 2003 चा, म्हणजे 3 दिवस आधीचा! कारण 1986 आणि 1990 मध्येच त्याच संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेत तंबाखूविरुद्ध ठराव झाले होते आणि कायद्याच्या प्रस्तावनेत त्यांचाच उल्लेख आहे. पाकिटावरच्या चित्रासकट इशाऱ्याचं बघा, करार म्हणतो निदान 30 टक्के, शक्यतो 50 टक्के जागा, आपल्याकडे 1 एप्रिल 2016 पासून 85 टक्के, आणि ते संसदेत नवीन कायदा न करता आरोग्य मंत्रालयाने नुसते नियम बदलून केलं. डिसेंबर 2017 मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते नियम रद्द केले, जानेवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून चित्र अजून तेवढं मोठं आहे.

ते चित्र असायलाच पाहिजे. विडी वाईट हे मला कुणी शिकवायला नको, आई सूप मांडीवर घेऊन बसायची, भिजवलेली पानं कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायची, हजार विड्या होईपर्यंत उठायची नाही आणि रात्रभर खोकायची. सकाळी कारखान्यात तपासणारा त्यातून छाट, म्हणजे नापास विड्या, काढायचा, तेवढ्या विड्यांचे पैसे गेले.

पण त्याच करारात कलम 17 पण आहे. तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना, शेतकऱ्यांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळावा म्हणून सरकारांनी मदत करावी असं त्यात लिहिलंय, आणि कोटपामध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. जाहिरातबंदी आली, सार्वजनिक जागी धूम्रपानाला दंड आला, इशारा आला, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो बायकांनी विडी सोडून काय करायचं हे राहिलं. करारातलं काय उचलायचं आणि काय ठेवून द्यायचं, हे दिल्लीत मसुदा लिहिताना ठरतं. धोरण तिथं ठरतं.

एक राहिलं. कायदा नसला तरी कधीकधी कोर्ट कराराचा आधार घेतं. 1997 च्या विशाखा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्त्रियांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले, कायदा व्हायला 2013 उजाडलं. कलम 17 साठी कुणी असं कोर्टात जाणार असेल तर मला सांगा, आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र घेऊन मी येतो.