दोऱ्याने कापलेलं अंडं

प्रश्न : ताई, तुम्ही मागे एका उत्तरात लिहिलं होतं की तुम्ही लालबागच्या चाळीत सात भावंडांत वाढलात. माझे मिस्टर आठ भावंडांतले, सोलापूरकडचे. आज ठाण्यात आमचं दोन बेडरूमचं घर आहे आणि चौदा वर्षांची एकच मुलगी. पण हे श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा टाकू देत नाहीत. मुलीने काही मागितलं की ठरलेलं वाक्य, 'आम्ही आठ जण एका खोलीत होतो, पण सुखी होतो.' परवा ती म्हणाली, 'मग सुखी व्हायला मी गरीब होऊ का?' हे ताटावरून उठले. मला दोघांचंही पटतं. खरं सांगा, तुम्ही सुखी होतात का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या लेकीचा प्रश्न मला फार आवडला. तिला सांगा, नको होऊस. गरिबीत काही नसतं.

आमची खोली दहा बाय बाराची. आई, बाबा, आम्ही सात, शिवाय गावाहून नोकरीसाठी आलेले काका. बाबा कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. रात्रपाळी करून सकाळी आले की केसांत कापसाचे पांढरे तंतू घेऊनच झोपायचे आणि आम्ही सगळे खोलीबाहेर. पाठांतर जिन्यात, भांडणं गॅलरीत, तीही कुजबुजत. काकांची पाळी वेगळी असली तर एक उठायचा आणि त्याच गोधडीत दुसरा शिरायचा. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. पहाटे टमरेल घेऊन रांगेत उभं राहण्यात जे कुणाला सुख दिसत असेल त्याला माझा नमस्कार. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. त्याची भाकरी थापता थापता तुटायची, आणि आई अमेरिकेला मालवणीत ज्या शिव्या घालायची त्या इथे छापता येणार नाहीत.

तेव्हा तुमच्या मिस्टरांचं वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. पण ते खोटं बोलतात असंही नाही. कसं, ते सांगते.

बाबांचा पगार झाला की आई दोन अंडी उकडायची. दोन अंडी, सात पोरं. अक्का, म्हणजे आमची थोरली, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायची. (गिरणीतला नव्हे. गेटवर झडती असायची, वीतभर सूत सापडलं तरी नोकरीवर पाणी.) दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं हातात, आणि अंडं असं चिरायची की पिवळ्याचा कणही सांडायचा नाही. दोन अंड्यांचे आठ तुकडे. आठवा काकांचा. नियम एकच होता, जो कापेल तो शेवटी उचलेल. त्यामुळे कापणाऱ्याला लबाडी करून फायदाच नाही. सगळ्यांत धाकटा आधी, मग चढत्या वयाने. मी मधली, चौथी. आपल्याला कितवा तुकडा मिळणार हे मला कायम ठाऊक असायचं आणि तो कुणी पळवणार नाही हेही. ते चिमूटभर अंडं मी मीठ लावून इतकं सावकाश खायचे की धाकटा समोर बसून नुसता बघत राहायचा.

तुमचे मिस्टर ज्याला सुख म्हणतात ते बहुधा हेच असावं. थोडं असणं नव्हे, आपला वाटा ठरलेला असणं. तो नेमका कसला होता हे त्यांना लेकीला सांगता येत नाही, म्हणून ते 'एक खोली' सांगतात. तिला खोली ऐकू येते.

आता दुसरी गोष्ट, ती माझ्या घरीसुद्धा फार बोलली जात नाही. शेवटचा तुकडा दर वेळी अक्काचाच असायचा. तशीच शाळाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण धाकट्या दोघांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं आणि आई शेजारच्या खोलीत खानावळीच्या भाकऱ्या थापायला जायची. मी 1974 ला जुन्या अकरावीची मॅट्रिक झाले, डी.एड. केलं, पालिकेच्या शाळेत लागले. माझ्या फीचे पैसे कुठून यायचे हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मोठ्या कुटुंबाच्या आनंदाच्या आठवणी सांगणारी माणसं बहुतेक मधली किंवा धाकटी असतात, हे कधी लक्षात आलंय? तुमच्या मिस्टरांना विचारा, ते कितवे.

पहिल्या पगाराच्या दिवशी मी काय केलं, सांगू? परळच्या इराण्याकडे फॅमिली रूममध्ये एकटी बसले आणि दोन अंड्यांचं आम्लेट मागवलं. पावाबरोबर. अख्खं. कुणी आधी उचलणारं नाही, कुणासाठी ठेवायचं नाही. मला भरून वगैरे आलं नाही, भावंडांची आठवणही झाली नाही. इतकी शांत मी आयुष्यात पहिल्यांदा बसले असेन. उरलेला पगार आईच्या हातात दिला आणि आम्लेटचं सांगितलं नाही. ते समाधान होतं हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली. आधी मी त्याला चोरी म्हणायचे.

पुढे 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, त्यांत बाबा. महिने गेले, वर्ष गेलं. संप संपला असं कुणी कधी रीतसर जाहीर केलंच नाही. वाण्याची वही भरली, तांब्याची घागर गेली, काका गावी परतले. माझ्या पगारावर घर चाललं. तेव्हा वाटे मी करायचे, आणि सांगते, शेवटी उचलणं सोपं नसतं. मी एकदा शेंगदाण्याचा लाडू स्वतःसाठी डब्याच्या तळाशी लपवला होता. मुंग्या लागल्या.

अक्का आता विरारला असते, सुनेकडे. गेल्या गणपतीत आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. मी विचारलं, 'अक्का, तुला वाईट नाही वाटायचं? दर वेळी शेवटचा तुकडा?' ती मोदकाच्या पाऱ्या करत होती. मान वर न करता म्हणाली, 'वाईट कसलं? दोरा माझ्या हातात होता ना.' आणि मग थोड्या वेळाने, 'शाळेचं वाईट वाटायचं.'

मी या दोन वाक्यांवर वर्षभर विचार करतेय. अजून नीट जुळत नाहीत ती.

म्हणून तुमच्या लेकीपुरतं एवढंच सुचवते. तिला थोडक्यात सुख मानायला सांगू नका, चौदाव्या वर्षी कुणी मानत नाही आणि मानूही नये. त्यापेक्षा दोरा तिच्या हातात द्या. महिन्याच्या भाजीचे आणि फळांचे पैसे तिच्याकडे सोपवा. काय आणायचं, कुणाला किती, उरले तर कशाला, सगळं ती ठरवेल. पहिल्या आठवड्यात सगळ्या पैशांचं स्ट्रॉबेरी आणि चीज येईल आणि तुम्ही बटाटे खाल. खा. मिस्टरांना आधीच बजावून ठेवा की मध्ये बोलायचं नाही. आणि अधूनमधून तिला एकटीला बाहेर अख्खं काहीतरी खाऊ द्या, घरी आल्यावर विचारू नका.

मिस्टरांना मात्र तुम्ही विचारा. रात्री, लेक झोपल्यावर. त्या खोलीत कोण कुठे झोपायचं, भाकरी कोण मोडायचं, शेवटी कोण जेवायचं. त्यांना बोलायला वेळ लागेल. मग त्या भावाला किंवा बहिणीला फोन लावायला सांगा, आणि जमलं तर तो लेकीच्या हातात द्या.

डब्यांचं म्हणाल तर माझ्याकडेही एक्केचाळीस आहेत. ज्यांची झाकणं हरवलीत तेवढे टाका, तेही ते गावाला गेल्यावर.