स्वतःला सुरात गाता येत नसेल, तर बाळासाठी मोबाइलवर गाणी लावणे पुरेसे आहे का?

तुमचे बाळ 7 महिन्यांचे आहे, तुम्हाला सुरात गाता येत नाही आणि म्हणून अंघोळ, कपडे व झोप यांच्या वेळी मोबाइलवर बडबडगीते लावली तर तेवढाच उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. होत नाही. इतक्या ठामपणे लिहिते, कारण 19 वर्षांपूर्वी आमच्या घरात नेमका हाच वाद झाला होता आणि त्या वेळी मी गप्प बसले होते.

आम्ही तेव्हा साताऱ्यात राहत होतो. मुलीला तेल लावायला येणाऱ्या मावशींनी पहिले 3 महिने तिला न्हाऊ घातले. पाटावर पाय लांब करून त्या बसत, बाळाला पायांवर निजवत आणि डोक्यावर पाणी घालण्यापूर्वी रोज तेच शब्द म्हणत : ‘गरम गरम पाणी, न्हाते माझी राणी, डोळे मीट, डोळे मीट...’ एवढे म्हणून त्या तांब्या हातात धरून क्षणभर थांबत आणि मग ‘धो धो’ म्हणत पाणी घालत. चाल म्हणावी तर दोनच सुरांची होती आणि तेही रोज वेगळे लागत. मावशींचे येणे थांबल्यावर मी तेच शब्द उचलले. आठव्या महिन्यापर्यंत मुलगी ‘डोळे मीट’ ऐकताच डोळे घट्ट मिटून घेई आणि ‘धो धो’ची वाट पाही. डोक्यावरून पाणी घेताना ती रडत नसे.

त्या दिवाळीत माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या. त्या शास्त्रीय संगीत शिकलेल्या आहेत. न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी माझे गाणे ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘अगं, असं बेसूर ऐकून पोरीचा कान कायमचा बिघडेल. तू गाऊ नकोस, मी चांगली सीडी आणून देते.’’ मी ‘‘बरं, वन्सं’’ म्हटले. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला ‘फक्त ओठ हलव’ असे सांगितले होते, त्यामुळे वन्संचे म्हणणे मला लगेच पटले आणि खोलवर लागलेही.

सीडी उत्तम होती, गायिकेचा आवाज गोड होता. पण ते गाणे आपल्या गतीने पुढे जात राही. मुलीने पाय झाडले, साबण हातातून निसटला, पाणी जरा जास्त कढत निघाले, तरी गाणे कोणासाठी थांबत नसे. पाणी कधी पडणार, हे तिला त्यावरून समजण्याचा काही मार्गच नव्हता. जवळजवळ 3 आठवडे ती रोज डोके धुताना किंचाळून रडली. मग एका सकाळी वीज गेलेली असताना माझ्या तोंडून मावशींचे शब्द आपोआप निघाले. ती रडता रडता थांबली, माझ्या तोंडाकडे पाहू लागली आणि ‘डोळे मीट’ला तिने डोळे मिटले. त्या दिवशी मी सीडी कपाटात ठेवून दिली.

बाळाला तुमच्या सुरांपेक्षा तुमचे थांबणे हवे असते. आपल्या जुन्या बडबडगीतांची रचना पाहा. तळहातावर बोट टेकवत मोराला चारा घालायचा, पाणी पाजायचे आणि शेवटी ‘भुर्र’ म्हणून हात उंच न्यायचा. त्यातला सगळा आनंद ‘भुर्र’ आधीच्या विरामात आहे, आणि तो विराम किती लांबवायचा हे बाळाच्या चेहऱ्याकडे पाहूनच ठरते. शिवाय तुमचा आवाज त्याला परका नाही. जन्मानंतर 3 दिवसांच्या आतील अर्भकेही परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकण्यासाठी अधिक धडपडतात, हे 1980 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. कान बिघडण्याचे म्हणाल, तर माझी मुलगी आज व्यवस्थित सुरात गाते. एका मुलीवरून नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु वन्संनी जो नियम सांगितला होता, त्याला तर एकाही मुलीचा आधार नव्हता.

करायचे एवढेच की एका कामाला एकच ओळ ठरवा आणि ती बदलू नका. झबल्याच्या बाहीत हात घालताना एक, लंगोट बदलताना दुसरी. शब्द स्वतःचे असले तरी चालतात; जात्यावर बसणाऱ्या बायकांनी ओव्या अशाच जुळवल्या. झोपेची ओळ मात्र हळू आणि खालच्या आवाजात म्हणा, तिथे विरामाचा खेळ नको. घास भरवताना बाळाला हसवणारे गाणे म्हणू नका, तोंडात घास असताना हसू आले तर ठसका लागतो. बाळाने मान फिरवली तर त्या दिवशी गाणे पुरे.

ध्वनिमुद्रित गाणे निरुपयोगी असते, असेही नाही. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी 6 ते 9 महिन्यांच्या बाळांना अनोळखी तुर्की भाषेतील गाणे ध्वनिमुद्रणावरून ऐकवले, तेव्हा ती सरासरी 9 मिनिटे शांत राहिली. बोलणे ऐकवले तेव्हा साधारण त्याच्या निम्मा वेळ. म्हणजे प्रवासात किंवा तुम्ही स्वयंपाकात अडकलेले असताना गाणे अवश्य लावा. फक्त मोबाइलचा पडदा बाळाच्या समोर धरू नका. 1 वर्षाच्या आतील बाळांना पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. आणि 7 महिन्यांचे बाळ तुमच्या हाकेकडे किंवा गाण्याकडे मुळीच वळून पाहत नसेल, तर तुमच्या आवाजाला दोष न देता बालरोगतज्ज्ञांकडून त्याचे कान तपासून घ्या.